चुन्याच्या कुंडापासून अमोनियाच्या नळीपर्यंत: औरंगाबादच्या चामडे व मांस व्यवसायातील भाजलेल्या हातांचा इतिहास

ज्वाला, वाफ किंवा तापलेला धातू यांचा स्पर्श न होता केवळ एखाद्या तीव्र द्रव्याच्या संपर्काने त्वचा, डोळा किंवा श्वासमार्ग यांतील ऊतींचा नाश होणे, याला वैद्यकात रासायनिक भाजणे म्हणतात. जनावराच्या शरीरावर उपजीविका करणाऱ्या व्यवसायांत, म्हणजे कातडे कमावणे, वजडी साफ करणे, मांस गोठवणे आणि पाळी संपल्यावर यंत्रे व फरशी धुणे या कामांत, ही इजा करणारी द्रव्ये बहुतांशी एकाच कुळातील आहेत. चुना, कॉस्टिक सोडा आणि अमोनिया ही तिन्ही आम्लारी द्रव्ये, म्हणजे आम्लाच्या उलट गुणधर्माची. आम्ल त्वचेवर पडले की तेथील प्रथिने गोठतात आणि तो मृत थरच आम्लाला आत शिरण्यास काही अंशी अटकाव करतो. आम्लारी मात्र त्वचेतील चरबीचा साबण करते, प्रथिने विरघळवते आणि अडथळा न येता खाली झिरपत राहते. अशा इजेत वेदना बऱ्याचदा उशिरा सुरू होते, त्यामुळे हात धुण्याची वेळ टळून गेलेली असते. मेलेल्या जनावराच्या कातड्यावरचे केस ज्या क्रियेने सुटतात, त्याच क्रियेने जिवंत माणसाच्या हाताची साल सुटते, आणि म्हणून या व्यवसायांत द्रव्याची उपयुक्तता व त्याची घातकता एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील या इजेचा इतिहास सरळ कोणी लिहून ठेवलेला नाही. तो जनावर, मांस आणि दुर्गंधी यांच्यासाठी केलेल्या नियमांच्या फटींतून वाचावा लागतो. कोणते जनावर कापावे, मांस कसे तपासावे, कातडे कोणत्या भावाने जावे, चर्मकुंड वस्तीपासून किती दूर असावे, याविषयी राज्यकर्त्यांनी आणि नगरपालिकांनी बारकाईने विचार केला. ज्याच्या हातून हे काम होत होते त्याच्या हाताचा विचार फार उशिरा आला, आणि जेव्हा आला तेव्हाही तो बोटे मोजण्यापलीकडे सहसा गेला नाही.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून येथे आल्यानंतर तिचे औरंगाबाद झाले, तेव्हापासून हे लष्करी छावण्यांचे शहर राहिले. फौज असली की मांसाचा रतीब लागतो, आणि खोगीर, पखाल, लगाम, जोडा यांसाठी चामडे लागते. शहरात कुरेशी बिरादरीतील कुटुंबांकडे मोठ्या जनावरांचे आणि खाटकांकडे शेळ्या-मेंढ्यांचे काम होते. सिल्लेखाना हा भाग आजही मांसाच्या दुकानांसाठी ओळखला जातो. खेड्यांत व्यवस्था निराळी होती. तेथे मुलाणी हलाल करी, मेलेले जनावर ओढून नेण्याची सक्ती महारांवर होती, कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे आणि कमावलेल्या चामड्याच्या वस्तू करण्याचे काम चांभारांकडे होते. बलुतेदारीत धान्याच्या मोबदल्यात बांधलेली ही कामे जन्माने ठरत, आणि जे जन्माने ठरते त्यातील इजाही जन्माबरोबर आलेली मानली जाते. चुन्याने फाटलेला हात हा अपघात न समजता त्या माणसाच्या जातीची खूण समजण्याची सवय समाजाला लागली होती, आणि या विषयावरील मौनाचे मूळ बहुधा तेथेच आहे.

मांसाच्या धंद्यातही चुना होताच. जनावराच्या जठराची आतली बाजू, जिला वजडी किंवा ओझडी म्हणतात, तिच्यावरचा काळपट पापुद्रा नुसत्या पाण्याने निघत नाही. तिला विझवलेला चुना चोळून, थोडा वेळ ठेवून, गरम पाण्यात खरवडावे लागते. घरी एखाद्या वेळी हे काम करणाऱ्याच्या बोटांना थोडी आग होते आणि ती विसरलीही जाते, परंतु ज्याला दररोज पहाटे डझनभर जनावरांची वजडी साफ करायची असते त्याच्या नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या कायमच्या सोललेल्या राहतात. पानाला लावण्याच्या चुन्याची पुडी डोळ्यात फुटल्याने मुलांच्या बुबुळांना झालेल्या इजा भारतातील नेत्रवैद्यांना चांगल्या परिचयाच्या आहेत, यावरून या घरगुती वाटणाऱ्या द्रव्याची ताकद लक्षात यावी.

चुन्याचा खरा जोर मात्र चर्मकुंडात होता. भाजलेल्या चुनखडीचा कळीचा चुना पाण्यात टाकला की तो उसळतो, पाणी उकळू लागते आणि शिंतोडे दूरवर उडतात. त्यामुळे चुना विझवणे हे या कामातील पहिले धोक्याचे पाऊल असे. विझलेल्या चुन्याच्या निवळीचा सामू, म्हणजे आम्लता किंवा आम्लारीपणा मोजण्याच्या ० ते १४ या मापावरील अंक, सुमारे १२.४ असतो, आणि त्वचेचा स्वतःचा सामू ५ ते ६ च्या आसपास असतो. मिठात ठेवलेले किंवा वाळवलेले कातडे आधी पाण्यात भिजवून मऊ केले जाई, मग ते चुन्याच्या कुंडात काही दिवस पडून राही, आणि त्या काळात ते पुन्हा पुन्हा वर काढून, उलटून, पुन्हा बुडवावे लागे. भिजलेले म्हशीचे कातडे एका माणसाला पेलवत नाही, म्हणून दोघे-तिघे जण कुंडाच्या काठावर किंवा कुंडातच गुडघाभर उभे राहून ते ओढत. त्यानंतर लाकडी ओंडक्यावर कातडे पसरून बोथट सुरीने केस आणि धारदार सुरीने आतल्या बाजूचे मांस-चरबी खरवडली जाई. या सर्व वेळी हात कोपरापर्यंत आणि पाय पोटऱ्यांपर्यंत चुन्यात असत. पायाच्या बोटांमधील जखमा, तळव्यांच्या भेगा आणि बोटांच्या टोकांवरील लहान, गोल, खोल व्रण ही चुनकामाची नेहमीची लक्षणे होत. सुरीचा एक साधा चरा चुन्यात गेला की तो आठवडे भरत नसे.

चुन्यातून निघालेले कातडे धुऊन ते तरवडाच्या किंवा बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरवले जाई. दख्खनच्या माळरानावर तरवड मुबलक असल्यामुळे ही पद्धत खेडोपाडी टिकली. कातड्याची पिशवी शिवून, तिच्यात साल आणि पाणी भरून ती तिकाटण्याला टांगायची, आणि झिरपलेले पाणी पुन्हा वरून ओतत राहायचे, अशी ती रीत होती. साल हाताला रंग देते, पण भाजत नाही. त्यामुळे या धंद्यातील सोसणे जवळजवळ सगळे चुन्याच्या टप्प्यावरच साचलेले असे. येथे एक आडवळणाची गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदासाठी चिंध्यांचा लगदा करतानाही चुना वापरला जाई, म्हणजे शहराच्या परिसरात चुन्यात हात घालून जगणारे केवळ चर्मकारच नव्हते. पण कागदी हा प्रतिष्ठित कारागीर ठरला आणि कातडे कमावणारा अस्पृश्य ठरला. यावरून एवढे दिसते की समाजाची नजर त्या हाताने काय हाताळले याकडे होती, त्या हाताचे काय झाले याकडे नव्हती.

या गावठी चामड्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक शेतकरी होता. विहिरीवरची मोट, तिची सोंड आणि नाडा हे सारे चामड्याचे, आणि दर काही वर्षांनी बदलावे लागणारे. जोवर मोट चालत होती तोवर मराठवाड्यातील चर्मकुंडे ओली राहिली; विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजेचे आणि तेलाचे पंप विहिरींवर बसले, तशी ती कोरडी पडत गेली. त्याआधीच एक मोठा बदल रेल्वेने घडवला होता. १८९९-१९०० चा दुष्काळ औरंगाबाद जिल्ह्याने अत्यंत तीव्रतेने भोगला, चाऱ्यावाचून गुरे मेली आणि त्या वर्षांत हिंदुस्थानातून होणारी कच्च्या कातड्यांची निर्यात एकदम फुगली. योगायोग असा की हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे मनमाडपर्यंत १९०० मध्येच खुली झाली. दुष्काळाने कातडी पुरवली आणि रेल्वेने ती वाहून नेली. निजामाच्या राज्यातील कच्चा माल मुंबई आणि मद्रासच्या चर्मालयांकडे जाऊ लागला, आणि गावात कमावणीऐवजी नुसते मीठ लावून गठ्ठे बांधण्याचे काम वाढले. मिठाने जखमा चुरचुरतात, पण मीठ चुन्यासारखी कातडी खात नाही. तेव्हा या व्यापाराने स्थानिक कारागिराचे उत्पन्न घटवले आणि त्याच वेळी त्याच्या हातांवरचा भार थोडा हलका केला, असा दुहेरी परिणाम झाला असे म्हणावे लागते. भार नाहीसा झाला नाही, तो मद्रासकडच्या मजुरांच्या हातांवर गेला.

तेथे चुन्याला दोन नवे सोबती मिळाले होते. सोडियम सल्फाइड हे केस पूर्णपणे विरघळवणारे द्रव्य चुन्यात मिसळले की दिवसांचे काम तासांवर येते, पण ते मिश्रण त्वचेला चुन्याहून कितीतरी अधिक बाधते, आणि चुकून आम्लाशी मिसळले तर हायड्रोजन सल्फाइड हा प्राणघातक वायू सोडते. दुसरे म्हणजे क्रोमियमचे क्षार. क्रोम पद्धतीने चामडे आठवड्यांऐवजी दिवसांत तयार होते. मद्रासमध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ही पद्धत आणली, आणि त्यांच्या प्रयोगांतील एक महत्त्वाची वस्तू विहिरीवरच्या पाणी काढायच्या चामडी पिशव्याच होत्या. क्रोमच्या डायक्रोमेट या रूपाने बोटांच्या सांध्यांवर आणि नाकाच्या पडद्यावर कोरल्यासारखे व्रण पडतात.

याच काळात दूर अमेरिकेत मांसाच्या कारखान्यातील कामगाराच्या हाताविषयी जगभर बोलले गेले. शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत राहून अप्टन सिंक्लेअर यांनी लिहिलेली ‘द जंगल’ ही कादंबरी १९०६ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्यात मांस खारवण्याच्या खोलीतील आणि मेंढ्यांच्या कातड्यावरची लोकर उपटणाऱ्या मजुरांची बोटे आम्लाने कशी खाल्ली जातात याचे वर्णन होते. वाचक हादरले ते आपल्या ताटातील मांसात काय मिसळले जाते हे वाचून. त्याच वर्षी ३० जूनला मंजूर झालेला कायदा मांसतपासणीचा होता. बोटे गमावणाऱ्यांसाठी त्यात काहीही नव्हते. लेखक कामगारांविषयी लिहितो आणि कायदा गिऱ्हाइकाविषयी होतो, हा प्रकार केवळ शिकागोचा नाही. हिंदुस्थानातील छावण्यांच्या आणि नगरपालिकांच्या नियमांतही कत्तलखान्याची तपासणी, मांसावरील शिक्का, परवाना आणि उपद्रवकारक धंद्यांना वस्तीबाहेर घालवण्याची तरतूद होती. त्या नियमांचा हेतू चुकीचा नव्हता. फक्त त्यांच्या कक्षेत काम करणारा माणूस येत नव्हता.

ब्रिटिश हिंदुस्थानात १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. कामामुळे जडणाऱ्या रोगांच्या त्यातील मूळ यादीत केस, लोकर आणि कातडी हाताळणाऱ्यांना होणारा अँथ्रॅक्स हा रोग होता. पुढे क्रोमच्या व्रणांनाही कामगारविषयक कायद्यांतील रोगांच्या याद्यांत जागा मिळाली. निजामाचे राज्य ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर असल्यामुळे हा कायदा औरंगाबादला आपोआप लागू नव्हता, आणि तसाही तो घरच्या अंगणात चर्मकुंड चालवणाऱ्या कुटुंबाच्या उपयोगाचा नव्हता, कारण तेथे मालक आणि मजूर एकच होते. या मर्यादेचा पुढचा अवतार १९४८ च्या कारखाने अधिनियमातही दिसतो: लहान जागांनाही कायदा लागू करण्याचा अधिकार कलम ८५ राज्य शासनाला देत होते, पण जेथे चालक केवळ आपल्या कुटुंबीयांच्या मदतीने काम करी ती जागा त्यातून वगळत होते. जातीने कुटुंबाला बांधलेले काम कायद्याने कुटुंबाचे म्हणूनच बाहेर ठेवले.

या कामातून सुटण्याचा मार्ग कायद्याआधी चळवळीने दाखवला. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली गुरे ओढणे आणि मृत मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले; पुढील दशकांत हा त्याग मराठवाड्यातील गावोगाव झाला आणि त्यापायी बहिष्कारही सोसावे लागले. त्या चळवळीचा प्रश्न प्रतिष्ठेचा होता, आरोग्याचा नव्हता, आणि ते योग्यच होते. तरी तिचा एक परिणाम असा की अनेक कुटुंबांचे हात चुन्याच्या कुंडाबाहेर आले. तेच आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, प्रा. बी. पी. अडारकर यांचा कामगार आरोग्यविम्याचा अहवाल १९४४ मध्ये त्याच खात्याकडे आला आणि त्यावरून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकाराला आला. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केले, तेव्हा ज्यांच्या वाडवडिलांनी मेलेली गुरे ओढली होती अशा घरांतील मुले तेथे शिकू लागली.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर निजामाचे राज्य संपले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. १९६३ च्या महाराष्ट्र कारखाने नियमांनी चुना लावणे व कातडे कमावणे हे काम धोकादायक कामांत धरले आणि चुनकामाच्या आवारातील कामगारांना हातमोजे व बूट देण्याची सक्ती केली. नियम उत्तम होता. पण तो ज्या हातांसाठी लिहिला गेला ते हात औरंगाबादेत तोवर थोडे उरले होते. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९८० च्या दशकात वाळूज आले, १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तेथे सुरू झाला, आणि शहराची औद्योगिक ओळख गाड्या, औषधे व मद्य यांच्याशी जोडली गेली. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. तिचा कत्तलखाना पडेगावला आहे.

या नव्या औद्योगिक भूगोलात मांसाचे काम पुन्हा आले ते निर्यातीच्या रूपाने. पैठण रस्त्यावर गेवराई येथे अल्लाना समूहाचा मांसप्रक्रिया कारखाना आहे. या लेखात पुढे दिलेले वर्णन त्या किंवा कोणत्याही एका कारखान्याचे नसून अशा प्रकारच्या सर्व कारखान्यांतील प्रक्रियेचे आहे. महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याच्या १९७६ च्या मूळ रूपात गाईच्या कत्तलीला बंदी होती. मार्च २०१५ पासून ती बैल व वळूंनाही लागू झाली आणि म्हैसवर्ग बंदीबाहेर राहिला. भारतातून निर्यात होते ते म्हशीचेच मांस, हाडे व ग्रंथी काढलेले आणि गोठवलेले.

गोठवण्याचे काम अमोनिया करतो. कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० च्या दशकात अमोनियाच्या दाबयंत्राची पद्धत बसवली, तिचे तत्त्व आजही तेच आहे: वायू दाबून द्रव करायचा, तो द्रव नळ्यांतून सोडून बाष्प होऊ द्यायचा, आणि बाष्प होताना त्याने भोवतालची उष्णता शोषून घ्यायची. अमोनिया उणे ३३ अंश सेल्सियसला उकळतो, त्यामुळे मांस उणे १८ अंशांखाली साठवायला तो सोयीचा आणि स्वस्त पडतो. नळीचा जोड सुटला, झडप गळली किंवा तेल काढताना चूक झाली की हाच द्रव माणसावर एकाच वेळी दोन वार करतो, थंडीने गोठवतो आणि ओल्या त्वचेतील पाण्याशी मिळून तीव्र आम्लारी होऊन भाजतो. तो सर्वांत आधी ओल्या जागा शोधतो, म्हणजे डोळे, नाक, घसा, काखा आणि घामेजलेली मान. हवेत दहा लाखांत ३०० भाग एवढे प्रमाण झाले की तेथे थांबणे जिवावर बेतणारे मानले जाते. भरपूर पाण्याने किमान पंधरा मिनिटे, आणि डोळा असेल तर त्याहून अधिक वेळ, धुणे हा पहिला आणि मुख्य उपचार आहे. मलमाची घाई येथे नुकसान करते.

अमोनियाचा अपघात निदान सर्वांना कळतो, कारण वास पसरतो आणि माणसे बाहेर पळतात. रोजची इजा मात्र गाजावाजा न करता रात्री होते. कापण्याची आणि हाडे काढण्याची पाळी संपली की सफाईची टोळी आत येते. आधी गरम पाण्याने रक्त-चरबी काढली जाते, मग चरबी विरघळवण्यासाठी कॉस्टिक सोड्याचा फेस भिंती, टेबले, पट्टे आणि आकड्यांवर मारला जातो, घासून तो धुतला जातो, शेवटी क्लोरीनचे किंवा परॲसिटिक आम्लाचे जंतुनाशक फवारले जाते, आणि अधूनमधून क्षारांचा थर काढण्यासाठी आम्लही वापरतात. फेसाचा सामू सहज १३ च्या जवळ जातो. सर्वाधिक धोका घट्ट द्रावण पातळ करताना आणि उंचावरचा भाग धुताना असतो, कारण फेस हातावरून कोपराकडे आणि तेथून मोज्याच्या आत उतरतो. गमबूट वरून उघडा असतो. त्यात उतरलेला कॉस्टिक पायाला चिकटून तासभर राहतो, आणि गार खोलीत बधिर झालेल्या पायाला ते कळतही नाही. क्लोरीनचे द्रावण चुकून आम्लात पडले तर क्लोरीन वायू सुटतो. चर्मकुंडातील माणसाचे जे पाय चुन्यात होते तेच येथे बुटात बंद होऊन कॉस्टिकमध्ये आले, एवढाच फरक. आणि बूट हे संरक्षण असल्यामुळे इजेचा संशय बुटावर जात नाही.

निर्यातीच्या मांसाबाबतची काळजी या संदर्भात डोळ्यांत भरते. लाळ्या-खुरकूत रोगाचा विषाणू निष्क्रिय व्हावा म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमांनुसार जनावराचे धड २ अंशांपेक्षा अधिक तापमानात किमान २४ तास ठेवून त्याचा सामू ६.० च्या खाली उतरला आहे याची खात्री करावी लागते, आणि ही नोंद कारखान्यात काटेकोर ठेवली जाते. मांसाचा सामू दशांशापर्यंत मोजणाऱ्या त्याच छपराखाली रात्री कोणाच्या पायावर किती सामूचा फेस किती वेळ राहिला, हे मोजण्याची सक्ती कोणी केलेली नाही. हा कोणा व्यवस्थापकाचा दुष्टपणा नव्हे. परदेशी गिऱ्हाईक ज्याचा कागद मागतो त्याचाच कागद तयार होतो.

कायद्याने हा कामगार अगदीच वाऱ्यावर सोडला होता असे नाही. कारखाने अधिनियमाच्या १९७६ च्या दुरुस्तीने शीतगृहात वस्तू टिकवणे व साठवणे ही उत्पादन-प्रक्रिया ठरली, आणि ठेकेदारामार्फत, मुख्य मालकाला माहिती असो वा नसो, कामाला लागलेला माणूसही कामगार ठरला. कामगाराच्या व्याख्येत जागा व यंत्रे साफ करणाराही होताच. रात्रीची सफाई टोळी म्हणजे कायद्याच्या शब्दांत पूर्ण कामगार. परंतु भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये जी दुरुस्ती झाली, जिने धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत रसायनांची माहिती कामगारांना देणे आणि त्यांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे बंधनकारक केले, तिच्या २९ उद्योगांच्या यादीत कातडे कमावणे आले, मांसप्रक्रिया आली नाही. मराठवाड्यातील चर्मकुंडे विझत आली तेव्हा चुना यादीत शिरला, आणि शीतगृहे वाढू लागली तेव्हा अमोनियाचे मांस-कारखाने त्या नावाने यादीबाहेर राहिले.

भरपाईचा हिशेबही हातावर अडतो. १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेची हानी ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४, मधले बोट गेल्यास १२, अनामिका किंवा करंगळी गेल्यास ७ टक्के धरली होती, आणि चेहऱ्याच्या अत्यंत गंभीर विद्रूपतेला १०० टक्के. कॉस्टिकने तळहाताची त्वचा आकसली, मुठीची पकड गेली, पण बोटे पाचही जागेवर आहेत, अशा हाताला त्या तक्त्यात ओळ नव्हती. त्याची टक्केवारी डॉक्टराने मूल्यमापन करून ठरवायची. तेथे ठेकेदाराचे हजेरीपत्रक, विम्याचा क्रमांक आणि त्या रात्री कोणते रसायन होते त्याचे नाव एवढे तिन्ही हाती असावे लागते.

या विषयावर सर्वाधिक प्रकाश अलीकडे पडला तो अमेरिकेतच. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथील कामगार खात्याने जाहीर केले की मांस-कारखान्यांची रात्रीची सफाई करणाऱ्या एका ठेकेदार कंपनीने आठ राज्यांतील १३ कारखान्यांत १३ ते १७ वर्षांच्या १०२ मुलांना धोकादायक कामाला लावले होते. कंपनीला १५ लाख डॉलरचा दंड झाला. तपासात मुलांच्या अंगावर सफाईच्या रसायनांनी भाजल्याच्या खुणाही आढळल्या होत्या. सिंक्लेअर यांच्या पुस्तकानंतर ११७ वर्षांनी, इतक्या श्रीमंत देशात, हात भाजले ते पुन्हा सर्वांत दुबळ्यांचेच, आणि मांस मात्र तपासणीत निर्दोष होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आणि १९४८ चा कारखाने अधिनियम तिच्यात विरला. वीज वापरणाऱ्या जागेला कारखाना ठरवण्याची मर्यादा १० कामगारांवरून २० वर आणि वीज न वापरणाऱ्या जागेची २० वरून ४० वर गेली, त्यामुळे वजडी-पाये साफ करणारी किंवा कातड्यांना मीठ लावणारी पंधरा माणसांची जागा आता त्या व्याख्येत बसत नाही. अपघाताची सूचना देण्याचा जुना निकष मात्र नव्या संहितेतही टिकला आहे: इजेमुळे कामगार ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तरच ती कळवायची. पाय भाजलेल्या सफाई कामगाराला दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून खोकी मोजायला बसवले, तर ४८ तास भरत नाहीत आणि सूचना निघत नाही.